वाऱ्यावर सोड

पाचव्या दिवशी आम्ही बोलणं थांबवलं.
तोंड उघडलं की एक तरी आत जायचा.
तोर्केल म्हणाला, मीठ कमी आहे.
ते शेवटचं वाक्य.

जुलैत इथे रात्र होत नाही.
सूर्य डोंगरामागे जातो, काही विसरल्यासारखा परत येतो,
आणि त्यांची पाळी संपतच नाही.
दलदलीवर टाकलेल्या फळ्या, बुटके बर्च,
पाठीवर एकोणीस किलो,
तोंडावर जाळी, जाळीआड घाम,
जाळीवर बाहेरून शे-दोनशे,
खिडकीशी अडलेल्या अर्जदारांसारखे चिवट.

डांबराचं तेल फासलं. माझ्या अंगाला
नव्या होडीचा वास येऊ लागला.
ओल्या शेवाळाचा धूर केला. डोळे आमचे गेले, ते राहिले.
लापशीतले काळे ठिपके
पहिल्या दिवशी चमच्यानं काढले,
दुसऱ्या दिवशी मिरपूड म्हटलं,
तिसऱ्या दिवशी काहीच म्हटलं नाही.
आणि झुडपामागे बसण्याबद्दल सांगायचं तर,
आयुष्यात इतक्या झटपट मी काहीच उरकलेलं नाही.

वाऱ्यावर सोडलं, म्हणतात ना,
कुणी कुणाला विचारीनासं झालं की?
मी तेच मागत होतो. दर पावलाला.
मला सोड. वाऱ्यावर सोड.

खिंडीखाली रिस्टिन भेटली.
सत्तरीची, निळी टोपी, जाळी नाही.
वरच्या बर्फाच्या पट्ट्याकडे दुर्बीण लावून बसलेली.
भाचा आंते शेजारी दोरीचा फास गुंडाळत होता.
तिच्या मनगटावर तीन डास होते
आणि ती त्यांच्याकडे पाहत होती,
बसची वाट पाहताना घड्याळाकडे पाहावं तशी.

तिनं कॉफी दिली, कॉफीत चीजचे तुकडे.
मी विचारलं, यांचं काय करता तुम्ही?
कामाला लावतो, म्हणाली.
मला वाटलं थट्टा.

मग उतारावरून रेनडिअर निघाले.
पाच, मग चाळीस, मग मोजणं सोडलं,
डोकी झटकत, पाडसं पोटाशी घेऊन,
वर, त्या पांढऱ्या पट्ट्याकडे,
जिथे गारठ्यात कुणी चावत नाही.
"वारा असला की डोंगरभर पांगतात.
आम्ही चार माणसं, एक म्हातारा कुत्रा.
आठवडा जातो.
आज वारा नाही. आज हे हाकतायत."
मनगट पुढे केलं. "बिनपगारी."

पहिली तुकडी कुंपणात घेतली.
मी पाडसाचे पाय धरले, आंतेनं कानाचा कोपरा कापला,
तुकडा रिस्टिनकडे, हिशेबाच्या दोरीत.
मध्येच तिचं मोजणं चुकलं. एक शिवी. पुन्हा पहिल्यापासून.
माझे दोन्ही हात अडकलेले,
आणि कपाळावर एक येऊन बसली.
डास म्हणतो आपण, पण चावते ती.
निवांत प्यायली. जड होऊन, तिरकी,
कुठल्याशा डबक्याकडे गेली.

रात्री दोनला, उन्हात, तंबूचं कापड फडफडलं.
बाहेर आलो. जाळी काढली.
पाच दिवसांनी गालाला गाल म्हणून हवा लागली.
खाली रिस्टिन उभी होती,
बर्फावरून उतरून पांगणाऱ्या कळपाकडे बघत,
निम्मी पाडसं अजून बिनखुणेची.

आतून तोर्केल म्हणाला, वारा आहे?
आहे, म्हणालो,
जरा हळूच.