चांदमारीचं निशाण

निशाण मी शिवते.
सहा महिन्यांनी एकदा, दोन वार लाल पॉपलीन,
कडेला दुहेरी टीप, कोपऱ्यात पितळी कडी.
पवनचक्क्या फिरवून उरलेला वारा
दहिवडीच्या माळावर माझ्या शिलाईची परीक्षा घेतो
आणि दर वेळी तोच पास होतो.

फडतरे हवालदारांनी पहिल्यांदा मजुरी विचारली.
म्हटलं, दोन वारांचं काय घेऊन बसलात.
तेव्हापासून दर रविवारी मीही जाते,
पायाला कुसळं, पिशवीत दाभण आणि सुतळी.

इथं नोकर कुणी नाही.
शेडचे पत्रे गलाईवाल्या खाड्यांनी दिले,
चुना पंचायतीचा, पाण्याची टाकी कुणाच्यातरी लग्नातली.
फाटकाशी पाटी: स्वतःच्या पुंगळ्या स्वतः उचला.
तिलाच कुणीतरी गोळी घातलीय,
पहिल्या विसर्गाचं वरचं टिंब आरपार.
हवालदार म्हणतात, नेम चांगला होता,
माणूस वाईट.

आधी बांध.
पावसानं मातीला घळी पाडलेल्या,
त्यात युरियाची पोती भरून रचायची, तोंडं मी शिवते.
मग वाळूची चाळण, चाळणीत शिसं,
चुरमडलेलं, करडं, बोटाएवढ्या जागेत किती जड.
पोरं खिशात घालायला बघतात.
ठेव खाली. हात धू.
साबणानं. मग पोहे.

मी आजवर एकही गोळी झाडली नाही.
सगळे इथं भोकं पाडायला येतात,
आणि भोक दिसलं की माझा हात आपोआप सुईकडं जातो.
म्हणून ठिगळांचं काम माझ्याकडं:
गव्हाची खळ, काळे चौकोन, पांढरे चौकोन,
फळीवरच्या एकेका छिद्रावर बोटानं दाबायचे.
कुणाची भोकं चाळणीसारखी पसरलेली,
कुणाची सगळी डावीकडं कललेली.
ते बघून मी ओळखते,
कोण घाईत आलं, कोण घरून भांडून आलं.

त्या रविवारी मुलाण्यांच्या यास्मिनची फळी आली.
दहा गोळ्या.
मला एकच भोक दिसलं, कडा फाटलेल्या,
मण्याएवढं.
म्हटलं, बाई, नऊ बांधात गेल्या का तुझ्या?
ती काही बोलली नाही, कानातला कापूस काढत राहिली.
हवालदारांनी चष्मा पुसला, वाकले,
बराच वेळ वाकलेलेच.
मग म्हणाले, याला ठिगळ नको लावू.

पण फळी एवढीच. पुढचा पोरगा खोळंबलेला.
मी खळीत बोट बुडवलं,
तर यास्मिनच म्हणाली, लावा मावशी,
मला पुन्हा मारायचंय.

लावलं.
काळा चौकोन जरा वाकडा बसला, ते तिलाही दिसलं.

अकराला, रायफली खाली, चेंबरं उघडी,
हवालदारांची शिट्टी लांब आणि सपाट.
मी दोरी सोडते, निशाण उतरतं,
हातात येईस्तोवर झटपटत राहतं, धरलेल्या कोंबडीसारखं.
तारेपलीकडं बंडू गोफणे केव्हाचा उभा,
काठीवर हनुवटी.
"उतरलं का गं?"
उतरलं.
"लई उशीर केला आज, शेरडं तहानली की."

आणि मग शेरडं.
पन्नास-साठ, मधली वाट त्यांची आमच्या आधीची,
बांधाच्या पायथ्यानं, फळ्यांच्या मधून,
सकाळी ओढलेल्या चुन्याच्या रेघेवरून
पांढऱ्या खुरांनी ओढ्याकडं.
एक करडू मागं राहतं,
यास्मिनच्या फळीवरची खळ चाटतं.
कुणीच त्याला हाकलत नाही.

घरी येऊन मशीनखाली निशाण पसरलं:
नवे फाटे तीन, एक जुनाच उसवलेला.
दिवाळीपर्यंत चालेल.
कदाचित नाही.