जुनं माप

हॅमिल्टनमध्ये तुरुंगाचं दार रात्री कधीही उघडतं.
कागदावर सकाळ लिहिलेली असते,
पण माणूस बाहेर पडतो साडेअकराला, पाऊण वाजता,
हातात पारदर्शक पिशवी,
पिशवीत बंद पडलेला फोन,
बुटांतून काढून घेतलेल्या नाड्या.
शेवटची बस गेलेली असते.

म्हणून समोरच्या फुटपाथवर आमची घडीची खुर्ची.
खुर्चीत रोझाली काकेगॅमिक,
वय एकसष्ट, दोन कोट एकावर एक,
मांडीवर चहाचा थर्मास, पायाशी टोपली:
मोजे, सँडविच, नव्या सुया, नाकात मारायचा फवारा.
मी तिची मदतनीस. मीही ह्याच दारातून आलेय,
दोनदा.

संस्था म्हणावं तर आमच्याकडे पाटी नाही.
मंगळवारी लाँड्रीत बैठक भरते, तिथे ऊब असते,
आणि मालकीण दुआर्तेबाई यंत्रांच्या घरघरीतून
ऐकायचं तेवढं ऐकते.
भांडणं होतात. मागच्या खेपेला
बॅटऱ्या घ्यायच्या की मोजे, यावरून व्हास्को उठून गेला,
अर्ध्या तासानं परत आला,
त्याचे कपडे मशीनमध्ये होते.
रुळांकडेचे तंबू पालिकेनं उचलले त्या दिवशी
हिशेबाची वहीही कचऱ्याच्या गाडीत गेली.
आता सगळं तोंडी. कुणी कुणाचं बुडवत नाही असं नाही,
पण बुडवलं तर कळतं.

रोझालीचं बोलणं मात्र ठरलेलं.
उपदेश नाही, देव नाही, ‘सुधार’ हा शब्द नाही.
आधी चहा. मग खाली वाकून ती बुटांत नाड्या ओवते,
गारठलेल्या बोटांना भोकं सापडत नाहीत म्हणून,
आणि ओवता ओवता सांगते:
जुन्या मापानं घेऊ नकोस.
आत होतास तेवढ्या दिवसांत अंग विसरलंय.
चिमटीतली चिमूट घे. एकटा घेऊ नकोस.
दार आतून लावू नकोस.

ह्या उंबरठ्यावर लवंडायला
कुणी माप भरून ठेवत नाही.
ते ज्याच्या त्याच्या डोक्यात असतं,
जुनं, शिगोशीग.

‘दार आतून’ म्हणताना
ती नाडी जरा जास्तच आवळते.
कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात
संडासाचं दार तोडावं लागलं होतं,
चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये.
आत कोरी, तिच्या बहिणीचा मुलगा,
सुटून दीड तास झालेला.
बूट पायात. नाड्या पिशवीतच.
हे ती कुणाला सांगत नाही. मी सांगतेय.

काल बर्फाची भुरभुर होती. दोघे सुटले.
एकानं शिवी दिली, चहा घेतला, पुन्हा शिवी दिली.
मग पाळी संपवून एक पहारेकरी बाहेर आला.
ह्यानंच सात महिने
माझं आडनाव चुकीचं पुकारलं होतं.
गाडीत बसला. काचा धुरकटेपर्यंत नुसता बसून राहिला.
मग उतरला, टोपी काढली, रस्ता ओलांडला,
टोपलीकडे बघत म्हणाला, तो फवारा,
एक मिळेल का?
घरी मुलगी आहे.

मी टोपलीवर हात ठेवला.
खोटं कशाला बोलू, ठेवला.
रोझालीनं तो उचलून बाजूला केला,
ओट्यावर चढलेलं मांजर उचलावं तसा,
कप भरला
आणि त्यालाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द,
फक्त शेवटी म्हणाली:
ती दार आतून लावत असेल
तर कडीच काढून टाक.
दोन फवारे दिले. मग मोजे चाळत विचारलं,
तिच्या पायाचं माप काय?

तो चहा धरून उभा.
बोलेना.
मग मोकळा हात वर करून
अंगठा आणि बोट ताणून दाखवलं
एवढंसं काहीतरी,
पहिलीतल्या पोरीच्या पावलाएवढं,
आणि हात तसाच राहिला.