नादकाटा, ऐंशी

हत्तरगीच्या टोलनाक्याअलीकडं
कडुलिंबाखाली इंटरसेप्टर लावून
हवालदार हुक्केरी माझी वाट बघत बसलेत.
वर्षातून एकदा येते मी, बेळगावहून, स्कूटीवर.
पिशवीत नादकाटा, लाकडी ठोकळा,
तीन प्रतींतला दाखला.
स्पीडगन खरं बोलते का, एवढंच बघायचं.

ठोकळ्यावर एक टोला.
सेकंदाला पंधराशे साठ कंप.
काटा गनसमोर धरला की
पडद्यावर आकडा येतो: ऐंशी.
हुक्केरी दरवर्षी तेवढंच हसतात,
"निंतल्ले एंबत्तु, नोडरी!"
उभ्या जागी ऐंशी, बघा की.
काटा कुठं गेलेला नाही, माझ्या दोन बोटांत आहे.
पलीकडची उसाची ट्रॉली मात्र खरोखरच निघालीय
संकेश्वरकडं, आणि बावीसच्या वर जात नाही.

मी सांगते, जसं दरवर्षी सांगते:
इथून लहर सुटते, गाडीवर आपटते, परत येते.
तीनशे मीटर जाऊन-येऊन दोन मायक्रोसेकंद,
तुमच्या पापणीनं मिटायचं अजून मनावरही घेतलेलं नसतं.
गाडी अंगावर येत असली तर लहर
दाटीवाटीनं परतते. लांब जात असली तर सैल.
दहा अब्जांत दीड-दोन हजारांचा फरक.
तेवढ्यावर तुम्ही पावती फाडता.
"आणि आडवी गेली तर?"
आडवी गेली तर शून्य.
काटकोनात जाणाऱ्याला हे यंत्र उभा समजतं.
हुक्केरी विचारात पडतात.
मग म्हणतात, "आमच्या साहेबागत."

आप्पा पेट्यांचे सूर लावायचे,
कांगली गल्लीत, पत्र्याखाली,
चाळीस वर्षं एकाच पाटावर.
रविवारी मला तिसऱ्या गेटावर न्यायचे.
मिरजेची गाडी शिट्टी मारत यायची मध्यमात
आणि पुढं गेली की कोमल गंधार.
"पासष्टनं गेली," आप्पा म्हणायचे.
कुणी शिकवलं?
"कुणी शिकवायला कशाला पाहिजे? कान आहेत की."

कॉलेजात कळलं,
आवाजाला मध्ये हवा लागते;
कोण चाललं होतं, कोण उभं होतं,
ते हवा सांगते.
प्रकाशाला मध्ये कुणीच लागत नाही.
तू आलास की मी आले, याला साक्षीदार नाही,
दोघांतला फरक तेवढा खरा.
आमच्या गल्लीत सगळेच म्हणतात,
आम्ही हललो नाही, रेघ हलली.
रेघेला विचारलं तर तीही असंच म्हणेल.
मी यावर दाखला देत नाही.

शेवटी शेवटी आप्पांचा हात थरथरायचा.
रीड घासताना जास्तच घासली जायची
आणि सूर वर निसटायचा.
एकदा दुरुस्तीला आलेली गन घरी होती.
गंमत म्हणून नेम धरला.
आप्पा पाटावर, हात गुडघ्यावर.
पडद्यावर दोन आडव्या रेघा.
पंधराच्या खालचं काही
या यंत्राला दिसत नाही.
"किती आलं?"
ऐंशी, म्हटलं.
"उगीच," म्हणाले,
आणि तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

हुक्केरी कन्नडात सही करतात, मी मराठीत,
मधला मजकूर इंग्रजी.
वंटमुरीच्या घाटात दिवे लागलेले.
येणाऱ्या गाड्या पांढऱ्या, जाणाऱ्या लाल.
ते वेगामुळं नाही, काचेमुळं.
वेगानं दिवा लाल व्हायचा असता तर
काकती राहू द्या,
दहा-बारा सेकंदांत चंद्र मागं पडला असता.

काकतीला सर्व्हिस रोडवर स्पीडब्रेकर.
आप्पांच्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला काटा
डब्याच्या कडेला लागतो
आणि वाजतो, किंचित.
मी स्कूटी बाजूला घेते.
तो थांबेपर्यंत थांबते.