पुराव्यादाखल

कॅमेरा हँडलला बसवला तो पुराव्यादाखल.
न्यायमंदिराच्या वळणावर एकानं मागून ठोकलं
आणि उतरून मलाच म्हणाला, "जोईने चलावो ने, काका."
माझा तर धंदाच हा, विम्याचा सर्व्हेअर,
चेपलेल्या मडगार्डवरून सांगतो चूक कुणाची, किती टक्के.
त्या दिवशी साक्षीला एक पेरूवाला होता;
तो आपले पेरू गोळा करत राहिला.

तेव्हापासून अंगठ्याएवढा हा डोळा.
किल्ली फिरवली की लाल ठिपका लागतो
आणि बडोदं आत भरू लागतं:
सेव-उसळीच्या गाडीवरची वाफ,
सूरसागरातल्या शंकराची पाठ,
उलट्या बाजूनं अगदी निर्धास्त येणारी स्कूटर
नि तिच्यावर उभं धरलेलं कपाटाचं दार,
ज्याच्या आरशात क्षणभर मीच माझ्या अंगावर येताना.

रोज जेवणं झाली की बघत बसतो.
बायको म्हणते, जो रस्ता पाहून आलात तोच पुन्हा?
काय सांगू. रस्ता मी कुठे पाहिला होता,
मी खड्डे पाहिले होते.

परवा मंगळवारचं उघडलं. सकाळचे सात बारा.
मागे शाल्मली. दांडिया बाजार ते अकोटा,
क्लासपर्यंत अठरा मिनिटं.
आम्ही बोलत नाही गाडीवर: हेल्मेटं, वारा, तिचं सोळावं वर्ष.
निदान मी असंच समजत होतो.

आवाज वाढवला.
वाऱ्याची फडफड, साखळीची खडखड, आणि त्याखाली
पातेल्याला लागलेल्या खरवडीसारखा तिचा आवाज.
पुलावर: "बाबा, मगर डोळे उघडे ठेवून झोपते का?"
मी: "हं."
"पुरात ती सोसायटीत आली होती ना,
ती घाबरली असेल का? आपल्याला?"
मी: "हं."
मग सिग्नलपाशी, जरा तोंड पुढे आणून:
"मला नाही जमत ते फिजिक्स."
मी हॉर्न वाजवला. समोर म्हैस होती.
अजूनही तिथेच आहे, सावकाश रस्ता ओलांडते आहे.

मागे नेलं. पुन्हा लावलं.
हं. हं. हॉर्न.
मागे नेलं.
दुसऱ्यांच्या बाबतीत दीड मिनिटात लिहून देतो मी,
छापील कागदावर, खाली सही.

पूल उतरताना वरच्या सौर पट्ट्या संपतात,
ऊन पाठीवर येतं
आणि आमची सावली चाकापुढे पडते.
सबंध चित्रणात आम्ही दोघं दिसतो ती एवढीच जागा,
अकरा सेकंद:
लांबलचक, एका धडाची, दोन डोक्यांची.
मागचं डोकं हलतं आहे.
पुढचं ताठ.

कार्ड भरलं की हा डबा जुनं आपोआप पुसतो.
मंगळवारला कुलूप घालून ठेवलं.

आज पुलावर वेग कमी केला,
मान वळवून विचारलं, "काय म्हणालीस?"
"कुठे काय."
मागची रिक्षा शिव्या देत पुढे गेली.
खाली विश्वामित्रीत काहीतरी होतं, ओंडका असेल.
"दोन्ही नाही," मी म्हणालो, "एकच डोळा उघडा ठेवते."
बराच वेळ नुसता वारा.
मग हेल्मेटला मागून हेल्मेट लागलं, टक्क.
खड्ड्यामुळेही असेल.
रात्री ऐकून बघतो.