पेव

हरिपूरच्या रस्त्याला, चिंचांच्या पलीकडे
बाबालाल मुजावर गुडघ्यांवर बसून
पेवाच्या तोंडावरची माती खरवडतात.
मी रजेवर. पिशवीत एकशे चाळीस पानं :
लष्करी पुरवठा अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम, सुधारित मसुदा.
समितीचा शेरा : भाषा सोपी करा, तक्ते वाढवा.

"काय शिकवता तुमी?"
माल कसा पोचवायचा, ते.
"कुनाला?"
साहेबांना.
"आन् हमालास्नी?"
त्यांना शिकवत नाही. त्यांना हुकूम असतो.

ते हसत नाहीत. पेंढ्याचा थर बाजूला होतो,
खालून हळदीचा जुना, कोंडलेला वास.
मी वाकते. दंड धरून ते मागं ओढतात.
"उघडलं म्हंजी लगी उतरायचं नसतं, बाई.
चार तास जाऊ द्या. मग कंदील सोडायचा.
कंदील इझला, तर आपन बी वरच."

चार तास.
काठावर बसून मी नवव्या प्रकरणाशी येते :
अतिउंचीवरील इंधन.
या पेपरात मी पहिली आले होते.
दोन वर्षांनी, बर्फातल्या एका ठाण्यावर
रॉकेल पोचवलं, मोजून, एक दिवस आधी.
स्टोव्हचे वायसर पोचले नाहीत.
वायसर दुसऱ्या यादीत, यादी दुसऱ्या साहेबांची,
साहेब कोर्सला गेलेले.
माझ्या रकान्यात शंभर टक्के.

नाईक सर्जेराव पाटोळेनं
स्वतःच्या बुटाची जीभ कापून
पंपाला कातड्याचा वायसर बसवला,
बर्फ वितळवलं, चौघांना पाणी पाजलं.
त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं
कुठल्याच तक्त्यात नाहीत.
आता जतजवळ तो पंक्चर काढतो.
दिवाळीला फोन करतो, माझीच तब्येत विचारतो.

मी पेन काढते.
पहिलं सत्र : वर्ग बंद.
पंधरा दिवस गोदामात, मोजणीला, हमालांच्या हाताखाली.
शेवटच्या ठाण्यावर जे शिजतं, तेच ताटात.
परीक्षक तो, ज्याच्यापर्यंत माल पोचायचा होता.
'स्वतःची चूक सांगणाऱ्यास दहा गुण' लिहिते,
खोडते,
पुन्हा लिहिते. वीस करते.

ऊन चिंचांवरून नदीकडं कललंय.
कंदील दोरीवरून खाली जातो.
वात बारीक होते, निळसर होते,
आम्ही दोघं श्वास धरून वाकलेलो.
टिकते.
"तरी आजून अर्धा तास," ते म्हणतात.

मसुद्याच्या शेवटी एक फॉर्म आहे : अतिथी व्याख्याते.
नाव लिहिते. शैक्षणिक पात्रता?
'पेव, एकेचाळीस वर्षं.'
समिती हे खोडणार, मला माहीत आहे.

"भत्ता किती?" बाबालाल विचारतात.
नियम बघावा लागेल.
"बघा. आन् तुमच्या त्या साहेबांस्नी सांगा,
खाली सोडायला बॅटरी आनू नगा.
बॅटरी खोटं बोलती.
हवा नसली तरी जळतच ऱ्हाती."