जाणारी वाट

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली :
"मेंदूत येणारं रक्त ठीक आहे. जाणारं अडलंय."
मी मान हलवली. एवढं मला कळतं.
एकोणीस वर्षं पर्जन्यजलवाहिनी खात्यात,
त्यातली सात वरळीला, लव्हग्रोव्हच्या पंपावर.

बाराव्या दिवशी विशाखा म्हणाली, डोकं फुटतंय.
आत्या म्हणाली, ओली बाळंतीण, वारा लागला असेल,
कान बांध.
पाणी मोजून, अर्धा तांब्या, तेही कोमट,
नाहीतर पोट सुटतं.
तो तांब्या मीच वरच्या फळीवर ठेवला होता.

मग उजवा हात गेला. मग आकडी.
टॅक्सीत परळपर्यंत
माझी बोटं तिच्या जबड्याशी.

फिल्मवर मागच्या बाजूला एक त्रिकोण,
कडा पांढऱ्या, मध्ये काळं.
"रिकामं दिसतंय ना, तिथंच गुठळी."

आम्ही गाळ उपसतो.
इथं उपसत नाहीत म्हणे,
रक्त पातळ ठेवायचं, आणि थांबायचं.
बारक्या शिरा आपापली वाट काढतात,
काढल्या तर.
सकाळ-संध्याकाळ पोटात सुई.
जिथं परवापर्यंत मुलगी लाथा मारायची
तिथं निळे डाग, मी रोज मोजतो.

मुलीला अजून नाव नाही.
शेजारच्या खाटेवरची अफसाना तिला पाजते,
विचारलंसुद्धा नाही तिनं.

आज नववा दिवस.
विशाखानं डाव्या हातानं ग्लास दाखवला.
मी काठोकाठ भरला. हनुवटीवरून ओघळलं, गाऊन भिजला.
आत्या खिडकीबाहेर बघत राहिली.
मी परत भरला.