सहाव्या महिन्याची तपासणी

शून्य ते दहात किती दुखतं, आबाजी?
नव्या डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन बसल्यात.
लिहा: एक.
तोही खाडीवरून गार वारा सुटला की.

आधी नऊ होतं.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
ट्रकाला लावलेली फळी चढताना
पाठीवर पन्नास किलो,
आणि सगळं ओझं शेवटी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी,
सुपारीएवढ्या जागेत.
एकतीस वर्षं.
कूर्चा गेली, म्हणाले, हाडावर हाड.
मी म्हणालो, जात्यासारखं?
म्हणाले, जात्यात निदान धान्य असतं.

कमरेखाली भूल. पडद्याआडून ऐकत होतो.
हाडाच्या एका टोकाची वाटी केली, दुसऱ्याचा गोळा,
एकात एक बसवलं.
मग स्टीलच्या डब्याचं झाकण तळव्याला टेकवून
मोठे डॉक्टर म्हणाले, ही जमीन समजा,
अंगठा किती वर ठेवायचा?
कोणी बोललं नाही. त्यांनीच ठरवलं.
वरून पट्टी, सहा स्क्रू.
इतकी वर्षं मी फळीवर होतो,
आता फळी माझ्यात. करंगळीएवढी.
गंजत नाही म्हणे.

हाड जुळलं? तिथं तुम्ही बरोबरची खूण केलीत.
फोटोतली मधली रेघ पुसलीय, मीही पाहिली.
शेजारच्या खाटेवर होत्या घणसोलीच्या फशीबाई मढवी,
त्यांची रेघ अजून तशीच.
तीच पट्टी, तेच हात.
मिशेरी सोडली म्हणतात,
डबी मात्र उशाखाली होती.

चालता येतं?
कोपरखैरण्याच्या वसाहतीपासून स्टेशनापर्यंत,
मध्ये कुठं न टेकता.
जिना? हळूहळू.
उकिडवं? तिथं फुली मारा.

फॉर्मात नाही ते सांगू?
चपलेच्या अंगठ्यात माझा अंगठा आता
वाकून शिरत नाही.
आधी तो, मागून पाय, असं घालावं लागतं,
पाहुण्याला पुढं करावं तसं.

टोळीतला नंबर पुतण्याला दिला.
पहिल्या दिवशी रोहिदास पाया पडला,
त्याचा हात नेमका पट्टीवर.
गार लागलं का रे?
नाही काका, म्हणाला, कडक लागलं.
आणि आकडा कमरेला खोचून
पहाटे चारला निघाला.

शेवटचा प्रश्न वाचता तुम्ही:
हेच ऑपरेशन पुन्हा करून घ्याल का?
सांगतो, बाई.
आधी डाव्याचं विचारा.
तो सध्या चारवर आहे.